नौकाकाराचें वेतन : वर्धकीपासून काचतंतुकारापर्यंत

वेतनाचे आंकडे हें इतिहासाचें साधन आहे, ही गोष्ट आतां कोणी नाकारणार नाहीं. तथापि अशा आंकड्यांचा आमचा शोध बहुधा पेशवाईच्या अखेरीस येऊन थांबतो. त्यापुढचा कागद जणूं कागदच नव्हे, अशी एक समजूत संग्राहकांत रूढ झालेली दिसते. प्रस्तुत लेखाचा विषय या समजुतीच्या पलीकडचा आहे. आमच्या किनाऱ्यावर ज्यांना नुसतें ‘फायबर’ म्हणतात, त्या काचतंतूच्या होड्या घडविणाऱ्या कुशल कारागिराच्या मजुरीचा विचार येथें करावयाचा आहे. कौशल्याची किंमत कोणी आणि कशावरून ठरवावयाची, हा कौटिल्यानें हाताळलेला प्रश्न या धंद्यांत फारच अडचणीचा होऊन बसला आहे. आणि त्याचा लेखी पुरावा आमच्या डोळ्यांदेखत नाहींसा होत आहे. म्हणून हा विषय या त्रैमासिकाच्या वाचकांपुढें मांडीत आहों.

प्रथम वस्तूची ओळख करून दिली पाहिजे. काचेचे केसासारखे बारीक तंतु विपुल प्रमाणावर ओढण्याची युक्ति अमेरिकेंत १९३० नंतरच्या दशकांत साध्य झाली. १९४२ सालीं ओहायो संस्थानांत रे ग्रीन या गृहस्थानें काचतंतु व पॉलिएस्टर जातीची कृत्रिम राळ यांची एक लहान शिडाची होडी बांधली. या जातीच्या अगदीं आरंभींच्या होड्यांत तिची गणना होते. दुसऱ्या महायुद्धानंतर हा प्रकार जगभर पसरला. आपल्याकडे १९८० नंतर बंगालच्या उपसागराच्या कांठीं, जागतिक अन्न व शेती संघटनेच्या योजनेखालीं, लाटांतून वाळूवर ओढून घेतां येतील अशा फायबरच्या होड्यांचे नमुने तयार झाले. पुढें २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनें तमिळ व आंध्र किनाऱ्यावरील हजारों होड्या मोडल्या, तेव्हां त्यांच्या जागीं मदत म्हणून ज्या होड्या आल्या त्या बहुतेक फायबरच्याच होत्या. लांकूड महागलें व दुर्मिळ झालें, हें या पालटाचें मुख्य कारण होय. फायबरला वाळवी वा समुद्रांतील कीड लागत नाहीं, हें दुसरें.

आतां कृति. होडी साच्यांत होते. साच्याची आंतली बाजू घासून आरशासारखी केलेली असते. तिला मेण चोळतात, म्हणजे माल साच्याला चिकटत नाहीं. त्यावर रंगीत राळेचा पहिला पातळ थर देतात. हीच पुढें होडीची बाहेरची कांति. मग काचतंतूची चटई अंथरून तिच्यांत राळ मुरवितात, वर विणलेलें जाड कापड, पुन्हां चटई, असे थरावर थर चढतात. राळ आपोआप घट्ट होत नाहीं. तींत ‘हार्डनर’ मिसळावें लागतें, शंभर भागांस साधारण एक ते दोन. मिसळल्या क्षणापासून कारागिराची घटिका सुरू होते. कोंकणांतल्या मे महिन्यांत आणि श्रावणांतल्या दमट हवेंत तेंच प्रमाण ठेवून चालत नाहीं. हातानें डब्याची ऊब पाहून आणि आभाळाकडे पाहून तें ठरवावें लागतें. हार्डनर आणि राळेंत घालावयाचें कोबाल्टचें द्रावण हीं एकमेकांत सरळ ओतलीं तर भडका उडतो. या सगळ्यांत खरी विद्या आहे ती रोलर फिरविण्यांत. थराथरांत अडकलेली हवा बाहेर काढावयाची, परंतु राळ पिळून काढावयाची नाहीं. नुसत्या चटईच्या कामांत काच वजनाच्या सुमारें एक तृतीयांश बसली पाहिजे. राळ जास्त झाली तर होडी जड व ठिसूळ होते. कमी झाली तर तंतु कोरडे राहून पुढें थर सुटतात.

या कौशल्याचा विशेष असा कीं तें झांकलेलें राहतें. सागवानी मचव्याचा सांधा चुकला तर तो गिऱ्हाईकास दिसतो. फायबरची होडी साच्यांतून निघते ती वाईट कारागिराच्या हातचीहि तितकीच चकचकीत असते. पाणी दोन-चार वर्षांनीं दोष दाखवितें, तळावर फोड येतात. तोंवर ज्याच्या हातून काम झालें तो दुसऱ्या कारखान्यांत गेलेला असतो. परीक्षक लहान हातोडीनें तळ ठोकून आवाजावरून पोकळी ओळखतात, किंवा कापून काढलेला तुकडा जाळून उरलेल्या काचेचें वजन घेतात. पण लहान मासेमारी होडीसाठीं ही परीक्षा करवितो कोण?

येथें आमच्या शास्त्रकारांकडे वळणें युक्त होईल. मजुरीला संस्कृतांत शब्दांची वाण नाहीं: भृति, भृत्या, भर्म, वेतन, निर्वेश, पण असे कितीतरी शब्द अमरसिंहानें एकत्र दिले आहेत. पाणिनीनें तर सुतारांचे दोन वर्गच व्याकरणांत नोंदवून ठेविले: ग्रामतक्ष आणि कौटतक्ष. पहिला गांवाच्या चाकरीचा, दुसरा आपल्या कुटींत बसून स्वतंत्रपणें काम करणारा. ग्रामतक्षाचें पोट बलुत्यावर. त्याला काम कमी पडलें तरी वांटा ठरलेला. कौटतक्षाला मात्र प्रत्येक कामागणिक सौदा करावा लागे. नौकाकार, मग तो लांकडाचा असो वा काचतंतूचा, या दुसऱ्या वर्गांतला आहे. होडी रोज रोज बांधावयाची नसते. म्हणून त्याचें वेतन हंगामाचें, उचलीचें आणि घासाघिशीचें.

कौटिल्यानें या सौद्याचा न्याय स्पष्ट सांगितला आहे. मजुरी आधीं बोलून ठरली असेल तर तीच द्यावी. ठरली नसेल तर शेतकरी, गुराखी व व्यापारी यांच्या नोकरांस उत्पन्नाचा दहावा भाग. परंतु कारु, शिल्पी, वैद्य इत्यादिकांस, त्याच प्रकारचा दुसरा मनुष्य जें घेतो तें, अथवा त्या विषयांतले कुशल लोक जें ठरवितील तें. हा भेद फार मार्मिक आहे. धान्याचा दहावा भाग मापून देतां येतो, कौशल्याला माप नाहीं. तेथें जाणत्यानेंच बोललें पाहिजे. फायबरच्या कामांत नेमका हा जाणता सांपडत नाहीं, कारण झालेलें काम जाणत्यालाहि दिसत नाहीं. यामुळें व्यवहारांत पहिलाच पर्याय उरतो: शेजारच्या कारखान्यांत जो दर, तोच येथें.

अर्थशास्त्रांतच राजसेवकांची वेतनांची यादी आहे. तींत वर्धकीला, म्हणजे प्रमुख सुताराला, २,००० पण सांगितले आहेत. सामान्य कारु व शिल्पी यांस १२०. आणि माणसांची व जनावरांची चाकरी करणाऱ्या परिचारकांस ६०. हे आंकडे मासिक कीं वार्षिक याविषयीं पंडितांत वाद आहे. आमच्या प्रयोजनास त्या वादाची गरज नाहीं, कारण आम्हांस रकमेपेक्षां प्रमाण पाहावयाचें आहे. पण, दाम, होन, रुपया यांची परस्परांशीं तुलना करणें जोखमीचें असतें; परंतु एकाच कागदांतील कुशल व अकुशल यांचें प्रमाण काळाच्या पलीकडे जाऊन वाचतां येतें. येथें साधा कारागीर चाकराच्या दुप्पट, आणि वर्धकी चाकराच्या तेहतीसपट आहे. मात्र अर्थशास्त्र हा विधिग्रंथ आहे, हजेरीची वही नव्हे. राजानें काय द्यावें हें त्यांत आहे. कोणाच्या हातांत काय पडलें, याबद्दल तो ग्रंथ मुका आहे. १९०५ सालीं तंजावर प्रांतांतील एका पंडितानें हस्तलिखित म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयास दिलें नसतें, आणि शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं तें छापलें नसतें, तर हा विधिहि आम्हांस कळला नसता.

आईन-इ-अकबरींतील आंकडे व्यवहाराच्या जास्त जवळ आहेत. अबुल फज़लनें बादशाही बांधकामावरील सुतारांच्या पांच प्रती दिल्या आहेत, रोजचे दाम अनुक्रमें ७, ६, ४, ३ आणि २. साध्या मजुराचा रोज २ दामांचा; चाळीस दामांचा एक रुपया. म्हणजे पहिल्या प्रतीचा सुतार मजुराच्या साडेतीनपट मिळवी, आणि शेवटच्या प्रतीचा मजुराइतकाच. एकाच धंद्यांत पांच पायऱ्या मानल्या आहेत, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. शिवाय आईनमध्यें रोजावरील कामाचा दर आणि गजावर मोजून दिलेल्या कामाचा दर असे दोन्ही स्वतंत्र आहेत. या दुसऱ्या गोष्टीकडे पुढें येऊं.

नौकाकारांपुरतें पाहिलें तर मुंबईच्या गोदीचें उदाहरण सर्वांत बोलकें आहे. लवजी नसरवानजी वाडिया हे १७३६ सालीं सुरतेहून मुंबईस आले व गोदीचे मुख्य मेस्त्री झाले. त्यांनीं फ्रामजी माणेकजी व जमशेटजी बमनजी या आपल्या दोघां नातवांना गोदींत घातलें तेव्हां धंदा मुळापासून यावा म्हणून त्यांना साध्या सुतारांबरोबर कामास लाविलें, आणि दरमहा १२ रुपये पगार दिला. याच जमशेटजींनीं पुढें १८१० सालीं इंग्रज आरमारासाठीं ‘मिंडेन’ हें जंगी जहाज बांधून पाण्यांत सोडलें. आमचें लक्ष त्या बारा रुपयांकडे आहे. गोदींतील साध्या सुताराचा पगार आम्हांस कळतो तो नातू पुढें नामांकित झाले म्हणून! त्यांच्या शेजारीं बसून तासणी चालविणाऱ्यांचीं नांवें घराण्याच्या इतिहासांत येण्याचें कारणच नव्हतें.

कुशल नौकाकार ही वस्तु किती मोलाची होती याचा दाखला शिवकालांतहि आहे. १६५९ च्या सुमारास शिवाजी महाराजांनीं कल्याण-भिवंडीकडे जहाजें बांधण्यास आरंभ केला, त्या कामावर रुई लैतांव व्हियेगस याच्या हाताखालीं पोर्तुगीज कारागीर होते. त्यांना तें काम सोडून निघून जाण्यास वसईकर पोर्तुगीजांनीं प्रवृत्त केलें. ही हकीकत पांडुरंग पिसुर्लेकर यांनीं गोव्याच्या दप्तरांतून उजेडांत आणली. आरमार थांबवावयाचें तर तोफेपेक्षां मेस्त्री फोडणें स्वस्त पडतें, हें त्या वेळच्या फिरंग्यांना पुरतें ठाऊक होतें. आजचे फायबरवाले कारागीरहि असेच फुटतात, फरक इतकाच कीं त्यामागें राजकारण नसून रोज असतो. किनाऱ्यावरचा कुशल हात आखाती देशांतील नौकांच्या कारखान्यांपर्यंत जातो, आणि येथला मालक नवा मुलगा धरून त्याला रोलर शिकवीत बसतो.

आतां आजच्या दराकडे येऊं. १९४८ च्या किमान वेतन कायद्याखालीं मजुरीचे किमान दर ठरत असत. त्याची जागा २०१९ च्या वेतनसंहितेनें घेतली, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलांत आली. केंद्र सरकारनें आपल्या कक्षेंतील बांधकाम वगैरे कामांसाठीं १ ऑक्टोबर २०२४ पासून ‘अ’ वर्गाच्या क्षेत्रांत जे दर लागू केले ते रोजीं असे होते: अकुशल ७८३ रुपये, अर्धकुशल ८६८, कुशल ९५४, अतिकुशल १,०३५. हे दर नौकांच्या कारखान्यांकरितां मुद्दाम ठरविलेले नव्हत. तरी सरकार कौशल्याला किती पायऱ्या देतें आणि पायरी किती उंच करतें, हें त्यांवरून दिसतें. कुशल मनुष्य अकुशलाच्या सव्वापटीपेक्षांहि थोडा खालीं आहे. अतिकुशल एकास १.३२ या प्रमाणांत. कौटिल्याच्या दुप्पटीशेजारीं आणि अबुल फज़लच्या साडेतीनपटीशेजारीं हा आंकडा ठेवला कीं कोणाच्याहि भुंवया वर जातील.

परंतु येथें घाई करूं नये. किमान वेतन म्हणजे जमीन, छप्पर नव्हे. चांगला कारागीर किमान दराच्या वर किती मागतो व किती मिळवितो हें राजपत्रांत येत नाहीं. तळची पायरी वर उचलली गेली म्हणजे प्रमाण उतरतें, यांत अकुशल मजुराचें हित आहे, आणि त्याबद्दल खेद करण्याचें कारण नाहीं. खेद आहे तो दुसऱ्या गोष्टीचा. पुढील शतकांतला संशोधक जर केवळ राजपत्र हातीं धरून बसला, तर तो फायबरच्या कारागिराविषयीं तीच चूक करील जी अर्थशास्त्रावरून मौर्यकाळचा पगार सांगणारे करतात. विधि जतन होतो, वही रद्दींत जाते. अमेरिकेंत काचतंतूचे थर देणाऱ्यांचा सरकारी गणनेंत स्वतंत्र धंदा मानला जातो आणि त्यांच्या वेतनाचे आंकडे दरवर्षीं प्रसिद्ध होतात. तेथल्या भावी संशोधकाची तेवढी सोय झाली आहे.

आणखी एक गोष्ट वेतन वाचतांना विसरतां कामा नये. साचा आकाशांतून पडत नाहीं. नव्या नमुन्याची होडी काढावयाची तर आधीं तिची पूर्ण आकाराची प्रतिमा लांकडांत व प्लायवूडमध्यें घडवावी लागते. तिच्यावरून साचा, आणि साच्यावरून होड्या. ती प्रतिमा पुष्कळदां जुना लांकूडकाम जाणणारा मेस्त्रीच घडवितो. त्याला एकदांच, आणि भरघोस, मोबदला मिळतो. थर देणाऱ्याला होडीमागें होडी, रोजानें मिळतें. पूर्वीं प्रत्येक गलबताबरोबर नव्यानें खर्ची पडणारें सुताराचें कौशल्य आतां एकदांच साच्यांत गोठतें आणि पन्नास होड्यांत वांटलें जातें. कौटिल्याच्या यादींतील वर्धकी आणि कारु यांमधील अंतर या कारखान्यांत जिवंत आहे, असें आम्हांस वाटतें. मात्र आमच्या कायद्याच्या चार पायऱ्यांत तें कोठेंच मावत नाहीं.

आईनमधील गजाच्या दराची आठवण येथें होते. फायबरच्या कामांतहि कोठें रोज, कोठें नगावर ठेका, तर कोठें घातलेल्या मालाच्या वजनावर मजुरी चालते. वजनावरची मजुरी तर शुद्ध अनर्थ होय. राळ जितकी जास्त ओतावी तितकें वजन जास्त, आणि होडी तितकी वाईट! नगावरच्या ठेक्यांत उलट दोष: रोलर दोनदां फिरावयाचा तो एकदां फिरतो. रोजावर काम संथ होतें, पण हवा निघते. लांकडाच्या कामांत ठेक्याची लबाडी दिसून येई, म्हणून गजाचा दर तेथें निभावला. ज्या धंद्यांत दोष झांकलेला राहतो, त्यांत मजुरीची पद्धत हीच मालाची परीक्षा होऊन बसते. मच्छीमार होडींतून खोल पाण्यांत जातो, तेव्हां हजेरीपटावर ‘रोज’ होता कीं ‘ठेका’, यावर त्याच्या जिवाचा भरंवसा कांहीं अंशीं अवलंबून असतो. कारागिराच्या जिवाचाहि हिशेब यांतच येतो. राळेंतून उडणारें स्टायरीन हें द्रव्य, त्याच्या वासानें डोळे चुरचुरतात. २०१८ सालीं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें त्याची गणना माणसांत कर्करोग होण्याचा संभव असलेल्या द्रव्यांत केली. वासाबद्दल वेगळी मजुरी कोणी धरीत असेल तर तीहि वहींतच सांपडेल.

जातां जातां एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. भोजाच्या नांवावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरू’ंत समुद्रांत जाणाऱ्या नौकेला लोखंड बांधूं नये, लोहचुंबक ती ओढून घेईल, असा इशारा आहे. राधाकुमुद मुखर्जी यांनीं १९१२ सालीं आपल्या ग्रंथांत त्याची चर्चा केल्यापासून या वचनाला हंसणारे पुष्कळ झाले. पुढें चुंबकीय सुरुंग निघाले, तेव्हां सुरुंग वेंचणाऱ्या जहाजांना लोखंड नको झालें; इंग्रज आरमारानें १९७३ सालीं ‘विल्टन’ हें जहाज याच कामासाठीं काचतंतूचें केलें. भोजाला हें ठाऊक होतें असें कोणी म्हणूं नये. योगायोग मात्र गमतीचा आहे.

लांकूड आणि काचतंतु यांचें मीलन गोव्यांत झालेलें सर्वांस ठाऊक आहे. २००९ सालीं तेथें बांधलेली ‘म्हादेई’ लांकडाच्या पट्ट्यांवर काचतंतु व राळ चढवून केलेली आहे. तींतून दिलीप दोंदे यांनीं २००९-१० मध्यें एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि अभिलाष टोमी यांनीं २०१२-१३ मध्यें ती एकट्यानें व न थांबतां केली. सुतार आणि थर देणारा हे दोघे एकाच तळाखालीं राबले असे हें उदाहरण. सफरीच्या नोंदी जपल्या जातात. अशा नौकांच्या हजेरीच्या वह्याहि जपल्या गेल्या पाहिजेत.

आतां संग्राहकांसाठीं थोडें व्यवहाराचें. लहान कारखान्याची हजेरीवही बहुधा शंभर पानी, साधी, दुकानांत मिळणारी असते. नांवापुढें पूर्ण दिवसाची एक खूण, अर्ध्याची दुसरी, खाड्याचें शून्य. शेवटीं उचल वजा जातां बाकी. दर क्वचितच प्रत्येक पानावर असतो. तो बहुतेक मलपृष्ठाच्या आंतल्या बाजूस, नाहींतर वर्षारंभींच्या पानावर लिहिलेला सांपडतो. म्हणून मलपृष्ठ फाटलेली वही अर्धी मुकी समजावी. ‘मेस्त्री’, ‘हेल्पर’, ‘पॉलिश’ अशा नुसत्या पदव्या असतील तर कोणाचा रोज किती हें शेजारच्या बेरजांवरून काढतां येतें. जेवण, चहा व निजण्याची जागा मालकाकडून होती कीं नाहीं हें विचारून टिपून ठेवावें. जुन्या कागदांत रोकडीबरोबर शिधा लपलेला असतो, तसाच येथेंहि. सामान घेतल्याच्या पावत्या वहींत खोंचलेल्या असतील तर त्या टाकूं नयेत, कारण राळ व चटई यांच्या वजनावरून एका होडीमागें किती माल पडला तें कळतें, आणि ठेक्याच्या कामाशीं रोजाच्या कामाची तुलना करतां येते. उष्णतेनें छापलेल्या चकचकीत पावत्यांचीं अक्षरें थोड्याच वर्षांत उडून जातात. त्यांचें छायाचित्र आधीं घ्यावें. राळेचे थेंब पडून चिकटलेलीं पानें मात्र ओढून सोडवूं नयेत. ती राळ कोमट पाण्यानें वा वाफेनें सुटत नाहीं, पानच तिच्याबरोबर निघून येतें. अशीं पानें जोडलेलीं राहूं द्यावींत, उजेडासमोर धरून जेवढें दिसेल तेवढें उतरून घ्यावें, आणि वही कोरड्या जागीं, इतर हस्तलिखितांपासून वेगळी ठेवावी; राळेचा वास पुष्कळ दिवस जात नाहीं.